वाघाच्या शेपटीतलं नाव

फ्लेक्सचं दुकान टाकायचं असेल तर मशीन नंतर घ्यावं, आधी शुभेच्छुकांचा स्वभाव समजून घ्यावा. तेलगावच्या चौकातलं आमचं दुकान चालवताना हे मी पहिल्याच वर्षी शिकले. ज्यांचा वाढदिवस असतो ते साहेब कधी कटकट करत नाहीत. त्यांचा फोटो मधे, हात जोडलेले, पाठीमागे सूर्य उगवलेला, की झालं. खरी आग असते ती खालच्या पट्टीत. तिथे पंचवीस-तीस नावं असतात आणि त्यातला प्रत्येक जण आपलं नाव शेजारच्याच्या वर आहे की खाली हे डोळ्यांत तेल घालून बघतो. "ताई, हा परवा आला आपल्यात, हा माझ्यावर कसा?" "ताई, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा जाड हाय." मी म्हणायचे, अरे भाऊ, नवरदेव दुसराच आहे, तुम्ही वऱ्हाडी, वऱ्हाडात कोण नंबर लावतं? ते हसायचे, आणि नाव वर सरकवल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाहीत.

हे सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागच्या वर्षी आमच्याच रस्त्यावरच्या एका फ्लेक्सवाल्याकडून एका पोराचा फोटो राहून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानाची काच फुटलेली. कुणी फोडली हे सगळ्या चौकाला माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. आमचं तर बाईमाणसाचं दुकान. त्यात आम्ही त्यांच्या कुठल्याच गटातले नाही, भावकीतले नाही, जातीतले नाही. आम्हाला सगळ्यांनाच सांभाळून राहावं लागतं. तेव्हापासून आलेली प्रत्येक यादी मी फाइलला लावून ठेवायला लागले.

अब्बा पेंटर होते. म्हणजे अजूनही आहेत, फक्त काम नाही. परळीच्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकांपासून बीडच्या शटरांपर्यंत त्यांचं अक्षर होतं, मराठीतही आणि उर्दूतही. पण त्यांची खरी हौस जनावरांची. नुसतं चित्र काढून त्यात रंग भरण्यात त्यांना काही राम वाटायचा नाही. जनावर अक्षरांतूनच उभं राहिलं पाहिजे. डेअरीच्या भिंतीवर त्यांनी 'दूध' एवढ्या एका शब्दाची म्हैस काढली होती, आणि कोंबडीच्या दुकानावर तिच्याच नावाची कोंबडी. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीवर ते मालकाच्या नावाचा बैल काढून द्यायचे. वरची रेघ ही पाठ, काने हे पाय, वेलांटी हे शिंग. मालकाला वाचता येत नसलं तरी तो बोट ठेवून सांगायचा, हे माझं नाव आणि हा माझा बैल. मग फ्लेक्स आला. कॉम्प्युटर मीच शिकले, मशीन मीच आणलं, म्हणजे अब्बांचा ब्रश मीच वाळवला. ते तसं कधी बोलले नाहीत. त्यांनी दुकानातली एक खुर्ची धरली आणि माझ्या अक्षरांना नावं ठेवायला लागले.

तर यंदा साहेबांच्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी त्यांचा उजवा हात समजला जाणारा माणूस यादी घेऊन आला. एकतीस नावं. प्रत्येक नावापुढे पेनने नंबर टाकलेला.

"नंबर साहेबांनी सोता टाकलेत," तो म्हणाला. "पण तसं लावलं तर उद्या माझ्या दारात बोंब हुईल. नंबर कुणाला दाखवू नका. तुमी आसं कायतरी करा ताई, की कुणी वर न्हाई अन् कुणी खाली न्हाई."

"मग गोल लावू का?"

"गोलात बी वरची बाजू आस्तीच की."

हे त्याचं बरोबर होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अब्बा म्हणाले, "शेर बनाव." आणि त्या माणसाचे डोळे चमकले. आमच्याकडे प्रत्येकाचा साहेब हा वाघच असतो. एकतीस नावांचा एक वाघ. त्याला ते इतकं आवडलं की त्याने तिथल्या तिथे अब्बांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

मी चार दिवस त्या वाघाच्या मागे लागले. दुकानातलं बाकीचं काम, लग्नपत्रिका, दशक्रियेचे बोर्ड, सगळं बाजूला टाकलं. खरं सांगते, इतका आनंद मला त्या खुर्चीवर कधी झाला नव्हता. नावं ताणली, वाकवली, फुगवली. अंगावरचे पट्टे म्हणजे एकेक नाव, पाठीवरून पोटाकडे उतरत गेलेलं. मिशा वेलांट्यांच्या, नखं उकारांची, डोळे दोन अनुस्वारांचे. अब्बा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावायचे आणि म्हणायचे, मागचा पाय मेला, त्यात जीव घाल. मी घालायचे. यादीतले नंबर मी एकदा वाचले आणि बाजूला ठेवले. वाघाला वर-खाली नसतं असं मला वाटलं. ज्याच्या नावाचा आकार जिथे बसेल ते त्याचं घर, एवढाच हिशोब मी धरला.

त्या एकतीस जणांत एक ट्रॅक्टरवाला होता. हंगामात कारखान्यावर ऊस वाहायचा आणि बाकीचं वर्ष साहेबांच्या सभेला खुर्च्या मांडायचा. सतरंज्या झटकायच्या, नारायणगडच्या यात्रेला साहेबांच्या नावाने पाणी वाटायचं, ही असली कामं तो पंधरा वर्षं करत होता. वय तेहतीस झालेलं. कसलं व्यसन नाही, घरात एकटी आई, दोन एकर रान, आणि लग्न काही जमत नव्हतं. आमच्याकडे आता अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. मुलीवाले नोकरी विचारतात, आणि ती नसेल तर निदान चार लोकांत वजन आहे का, एवढं बघतात. वाघ निम्मा झाला असताना तो दुकानात आला आणि बराच वेळ उभाच राहिला.

"बस की भाऊ. फोटो नाही लागत या वेळेस."

"फोटोचं न्हाई ताई." तो खाली बघून बोलत होता. "रईवारी पावणे येणारेत घर बघायला. पोरीकडचे. पसंत पडल्यागत हाय सगळं. चौकातच उतरतेत ते. बोर्डावर माझं नाव दिसलं पायजे."

"दिसेल."

"लांबून दिसलं पायजे. म्हाताऱ्या मानसालाबी. न्हाईतर आमचं नाव कुठंतरी कोपऱ्यात घुसाडलेलं आस्तं, मलाच सापडत न्हाई."

इतकं साधं मागणं कुणी केलं नव्हतं. बाकीचे दुसऱ्याच्या वर बसायला मागत होते, हा नुसता दिसायला मागत होता. मला त्याची माया आली. तो गेल्यावर मी त्याचं नाव पट्ट्यांमधून काढलं. पट्ट्यांमध्ये नावं एकमेकांत गुंतली होती, जवळ जाऊन वाचावी लागत होती. अख्ख्या चित्रात मोकळी जागा एकच होती, शेपूट. मागे निव्वळ पिवळा रंग, आजूबाजूला काही नाही, आणि त्याचं नाव-आडनाव मिळून चांगलं लांबलचक. मी ते शेपटीत घातलं. एकेक अक्षर हातभर झालं. शेपूट वर उचलून टोकाला झोकदार वळण दिलं. सगळ्या वाघात तेवढं एकच नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं. अब्बा किती तरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दुम अच्छी आयी." एवढी तारीफ त्यांनी माझ्या निकाहच्या पत्रिकेचीही केली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी बॅनर चौकात चढला, लोखंडी फ्रेमवर, विजेच्या तारांना पाठ करून, दहा बाय वीस. लोक थांबून बघत होते. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि माझी मान ताठ होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी सकाळी माझ्याच मोबाइलवर तो फोटो आला. वाघाच्या शेपटीभोवती लाल गोल, आणि खाली लिहिलेलं, साहेबांचं शेपूट. मग दुसऱ्याच्या स्टेटसला. मग तिसऱ्याच्या, त्यात हसून रडणारे चेहरे ओळीने. मी फोन हातात घेऊन तशीच बसले. चार दिवस मी त्या वाघाकडे बघत होते, पण शेपटीला शेपूट म्हणतात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला ती मोकळी जागा दिसली होती. वर-खाली नको म्हणून वाघ केला, आणि लोकांनी डोक्यापासून बुडापर्यंत मानपान लावून घेतला. जो डोळ्याजवळ होता तो मिशीवर ताव मारत फिरत होता, आणि ज्याला मी सगळ्यात चांगली जागा दिली त्याचं गावभर हसं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण दुसऱ्याचं.

दुपारी तो आला. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला नव्हता. दोन पोरं त्याच्या मागे दारात उभी होती, आणि त्यातला एक, काच फुटली त्या दिवशी त्या दुकानासमोर मी पाहिलेला.

"ताई, मला शेपटीत कुणी टाकलं?"

तुम्ही का टाकलं, असं त्याने विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते. पण त्याने कुणी म्हणून विचारलं, आणि मला पळायला दार उघडं दिसलं.

"यादी जशी आली तशी लावली भाऊ," मी म्हणाले.

"सायबांनीच तशी दिलती?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. मागची पोरंही गेली.

यादी माझ्या पाठीमागच्या फाइलमध्ये होती. त्याच्या नावापुढे साहेबांनी तीन हा आकडा घातला होता. एकतीस जणांत तिसरा. सतरंज्या झटकणाऱ्या माणसाला साहेबांनी पंधरा वर्षांनी तिसऱ्या नंबरावर बसवलं होतं, आणि ते जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी, आणि मी तोंड शिवून बसले. काच वाचली. मला तेव्हा खरंच सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच आज सगळ्यात जास्त टोचतं.

अब्बा खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. कुलूप लावताना म्हणाले, "झूट कायकू बोली?"

"तो दुकान कौन संभालता, तुम?" मी खेकसले. ते पायऱ्या उतरले.

रविवारी पाहुणे आले. धारूरचा घाट उतरून जीपने आलेले पाच जण. चौकात थांबले आणि आमच्या समोरच्या हॉटेलात चहा घेता घेता त्यांनी घराचा पत्ता विचारला. बाकड्यावरच्या पोरांना आयतंच सापडलं. "कोण बे? आपलं शेपूट का?" असं म्हणून एकाने बॅनरकडे बोट केलं आणि हशा पिकला. पाहुण्यांतल्या एका पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून वर बघितलं. त्याचे ओठ हलताना मला दुकानातून दिसत होते. एकेक अक्षर तो रस्त्याच्या पलीकडून वाचत होता. वाचता यावं म्हणूनच तर मी ते तेवढं मोठं केलं होतं.

मधे फक्त रस्ता होता. यादी घेऊन जायचं आणि दाखवायचं, एवढंच काम. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक पत्रिकेचे नमुने चाळत बसलं होतं, त्याच्याकडे बघत मी स्वतःला सांगितलं की हे गेलं की जाऊ. तोवर जीप निघून गेली. संध्याकाळी हॉटेलवाल्याकडून कळलं की पाहुणे जेवले नाहीत, नुसता चहा घेतला आणि कळवतो म्हणाले. सोमवारी सकाळी ट्रॅक्टरवाल्याला मध्यस्थाचा फोन आला, पोरीला अजून शिकायचं आहे.

सोमवारीच वाढदिवस होता. आमच्याकडे दुपारी बारा ते चार लाइट नसते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लोक त्या वेळात बेधडक तारेखालची कामं उरकतात, फांद्या तोडतात, मांडव घालतात. ट्रॅक्टरवाल्यानेही तेच धरलं असणार. पण त्या दिवशी साहेबांच्या कार्यक्रमाचे स्पीकर लागले होते, म्हणून लाइट घालवलीच नव्हती. माझं मशीन चालू होतं. आज बरं झालं, दुपारचं काम निघतंय, म्हणून मी खुशीत होते.

तो कटर घेऊन फ्रेमच्या मागून चढला. मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. शेपटी त्याने बुडातून नीट कापली, वाघाला ओरखडाही पाडला नाही. ती खाली सोडण्यासाठी त्याने एका बाजूची दोरी ढिली केली आणि फ्रेम मागे तारेवर कलंडली. मला कळलं ते एवढंच, की फाटदिशी आवाज झाला आणि माझं मशीन अर्ध्या फोटोवर बंद पडलं. बाहेर आले तेव्हा लोक धावत होते. तो रस्त्यावर पडला होता, उजव्या हाताकडे बघवत नव्हतं. पिवळा तुकडा त्याच्यापासून लांब उडून गेला होता. कुणीतरी त्याला जीपमध्ये घातलं. संध्याकाळी कार्यक्रम झाला. साहेबांनी केक कापला, फक्त फटाके वाजवू दिले नाहीत. बिनशेपटीचा वाघ अजून दोन दिवस चौकात होता.

हात कोपराच्या वरून काढावा लागला. तो होता त्या सरकारी दवाखान्यात जायला मी महिना लावला. रोज उद्या म्हणायचे. शेवटी अब्बांनी एका सकाळी फाइलमधली यादी काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आणि बस स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

तो खाटेवर बसला होता. आई खाली जमिनीवर, भिंतीला टेकून. त्याने मला बघितलं आणि डाव्या हाताने चादर सरकवून जागा केली. "बसा ताई. ऊन लागलं आसंल."

साहेब येऊन गेले का, मी विचारलं. "आलते. फळं घेऊन आलते. शेपटीचं त्यांनी काय काढलं न्हाई, मंग मीबी न्हाई काढलं. त्यांच्या मनात आमी तेवढेच, तर काय बोलायचं?"

मग मी बोलले. सगळं बोलले. नाव मी ठेवलं होतं, लांबून दिसावं म्हणून. यादी तशी आली नव्हती. मी घाबरून खोटं बोलले. कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि आकड्यावर बोट ठेवलं. त्याने माझ्या कानाखाली मारावी असं मला मनापासून वाटत होतं. मारायचा हात राहिला नव्हता.

त्याने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तिसरं?"

"हो."

"हे सायबांचंच अक्षर?"

"त्यांचंच."

"पयले दोघं कोण?" त्याने वरची दोन नावं वाचली आणि समजूतदारपणे मान हलवली. "हां. बरोबर हाय. ते माझ्यापेक्षा जुने हायत." आणि तो हसला. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडावर हसू आलं नसणार, ओठ चिकटल्यासारखे उघडले. "आई, ऐकलं का? तिसरा नंबर व्हता माझा. सायबांनी सोताच्या हातानं टाकलाय बघ." त्याने कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो घेतला आणि उलटा-सुलटा करून बघितला. मी रडत होते. मी रडू नये म्हणून त्यानेच मला समजावलं, हे मला सहनच होईना.

आईने कागदाची घडी केली आणि पदराच्या टोकात बांधली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, एखादी साधी गोष्ट समजून घ्यावी तशी ती विचारत होती.

"तिसरं व्हतं, तर मंग आईतवारीच येऊन सांगायचं व्हतंस की माय. पावणे आमच्या दारात दोन तास बसलते. तुझं दुकान काय लांब हाय का?"